उघड्या कार्डावरचा मजकूर

पाकिटाला डिंक लावला की त्या वासाने मला अजून सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातलं अंगण दिसतं.

मी तेव्हा अहेरीला जंगलखात्यात कारकून होतो. धाकटी बहीण शांता हिच्या हातावरचे डाग मीच डॉक्टरांना दाखवले होते. ती सासरी परतल्यावर तपासणीत ते महारोगाचे निघाले. औषधाने बरं होईल, असंही डॉक्टर म्हणाले. टपाल निघायच्या घाईत मी हे सगळं तिला साध्या पोस्टकार्डावर लिहून टाकलं. तिच्या गावचं टपाल किराणा दुकानात उतरायचं. दुकानदाराने ते कार्ड गिऱ्हाइकांपुढे मोठ्याने वाचलं.

मी पोचलो तेव्हा शांता गोठ्याच्या दाराशी बसली होती आणि सासू लांबूनच तिच्या पानात भात टाकत होती.

"भाऊ, पाकिटात काऊन नाई टाकलं?" शांताने एवढंच विचारलं.

तिची चार वर्षांची मुलगी ओसरीवरून पाहत होती. मी म्हणालो, "ये, आईजवळ ये." ती हसत धावत निघाली, तशी शांताने काठी उचलून तिच्यावर उगारली.

"तिकडंच राय. इथी नको येऊ."

तेव्हा मला शांताचाच राग आला. पुढे औषधाने ती पूर्ण बरी झाली. मुलगी मात्र तिच्याजवळ पुन्हा कधी आली नाही.