दहा हजार सातला भाग जात नाही

मी कुरुंद्याच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. प्रश्नपत्रिका येता-जाता एसटीतच काढते, घरी वेळ नसतो. त्या फेब्रुवारीत मूळ अवयव पाडायला १००१७ दिले होते. तीन वेळा तीन, सात आणि त्रेपन्न. उत्तर सूचीत लिहून ठेवलं. प्रश्नात मात्र गाडीच्या धक्क्यात एकाच्या जागी शून्य पडलं आणि १०००७ झालं. तसंच झेरॉक्स झालं.

पेपर मी सूची समोर ठेवून भराभर तपासले. बहुतेकांनी प्रश्न सोडला होता. एकीने माझ्यावर विश्वास ठेवून तीनने भाग जातो असं दाखवलं, तिला दोन गुण दिले. एकीने लिहिलं होतं, ‘ही मूळ संख्या आहे.’ तिला फुली. वसमतला शनिवारच्या तालुका स्पर्धेला दोन मुली पाठवायच्या होत्या. दोन गुणवाली दुसरी आली, फुलीवाली एका गुणाने तिसरी.

नावं दुपारी बाराला जायची होती. दहाला तिचे वडील आले. गावात शिलाईचं दुकान आहे त्यांचं. मुलगी मागे उभी.

“म्याडम, दोन दिवस झाले, लेकरू नीट जेवून नाही राहिलं. आन् माझी मापाची वही भरून टाकली. तेवढं बराबर हाय का, बघा.”

वहीत गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या मापांमध्ये भागाकार होते. दोन, तीन, पाच, सात असे सत्त्याण्णवपर्यंत. पंचवीस भागाकार, प्रत्येकाला बाकी. सत्त्याण्णवला सोळा उरले होते.

“पुढं काहून नाही गेलीस?” मी विचारलं.

“शंभराचा वर्गच दहा हजार, म्याडम. शंभरावरचा अवयव असता, तर त्याचा जोडीदार शंभराखाली सापडला असता.”

मी सूची काढली, मग प्रश्नपत्रिका. शून्य दिसलं.

“मग परवाच का नाही बोललीस?”

“तुमी फुली मारली होती. मला वाटलं, माझंच चुकलं. म्हणून घरी परत भागून पाहिलं.”

चूक माझी आहे, हे मी तिच्या वडिलांसमोर सांगितलं. तिला पाच गुण दिले, दुसरीचे दोन काढले. आता दुसरीला बोलावून नाव काढल्याचं सांगणं आलं. मला ते जड जात होतं. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकली.

“बरं झालं, म्याडम. शनिवारी घरी हळद शिजवायची हाय. मी येणारच नव्हते, पण सांगायला भेव वाटत होतं.”

“आन् तीनने भाग कसा गेला गं?” मी विचारलं.

“न्हाई गेला. दोन उरले, ते खोडले.”

शिंपीदादा हसले. पोरीला म्हणाले, “चल, आता तरी जेव.” पावणेबाराला मुख्याध्यापकांची सही झाली. मी आधी पाणी प्यायले, मग वर्गावर गेले.