चांदमारीच्या माळावरची सही

आमच्या कॅप्टनसाहेबांइतका शिस्तीचा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात नव्हता, आणि एका माणसाच्या शिस्तीने इतक्या लोकांची गैरसोय झालेलीही मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. पेशानं ते वकील. मी नुकतीच सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो होतो. शिवाय ते मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे निवडून गेलेले सभासद होते, आणि वर्षातून एक महिना भरणाऱ्या हौशी पलटणीत कॅप्टन होते. पोट वकिलीवर चाले, लोक नमस्कार करत ते कौन्सिलामुळे, पण साहेबांचं विचाराल तर अकरा महिने ते त्या एका महिन्याची वाट पाहत जगत.

सकाळी तळ्याभोवती त्यांची फेरी असे. बरोबर चालणाऱ्या पक्षकाराचं पाऊल चुकलं की हकीकत ऐकणं थांबवून ते आधी पाऊल जुळवून घेत. अक्कलकोटचे एक स्थूल व्यापारी वाटणीच्या दाव्यासाठी तीन महिने येत होते. दावा हरले, पण चाल सुधारली. साक्षीदाराला साहेब शिकवत ते एवढंच, की उभं कसं राहायचं. काय बोलायचं ते शिकवणं त्यांना पाप वाटे, त्यामुळे आमचे साक्षीदार ताठ उभे राहून खणखणीत आवाजात आमच्याच विरुद्ध बोलत. कौन्सिलात दहा मिनिटं मिळाली की दहाव्या मिनिटाला, वाक्य अर्धं असलं तरी, ते खाली बसत. वर्तमानपत्रात ती अर्धी वाक्यं तशीच छापून येत आणि साहेब कोर्टातून गेल्यावर आम्ही तरुण वकील ती आपापल्या बुद्धीनं पुरी करत असू. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. जाड खाकी गणवेश चढवून ते आरशासमोर उभे राहिले की शेंगा कुटता कुटता त्या म्हणत, "लढाई कुठं आहे तेवढं सांगून जा. म्हणजे जेवायला थांबायचं की नाही ते मला ठरवता येईल."

एका वर्षी पाऊस झालाच नाही. पलटणीची छावणी त्या साली शहराबाहेरच्या माळावर पडली होती आणि तिथंच चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, चाले. एक दिवस सांगोल्याकडचा बिरू नावाचा म्हातारा धनगर आमच्या कचेरीत आला. त्याची मेंढरं त्या माळावर शिरली होती. पलटणीच्या गोऱ्या मेजरनं कळप कोंडवाड्यात घातला होता आणि लष्कराच्या जागेत घुसल्याबद्दल म्हाताऱ्यावर खटला भरवला होता. मी विचारलं, तिथं मनाईची पाटी असताना गेलास कसा? तो म्हणाला, "माज्या बापापास्नं आमी तितंच चारतोय. पाटी हाय म्हंत्यात. मेंढरास्नी वाचाया येत न्हाय, आन् मलाबी येत न्हाय."

साहेबांनी कागद हातात घेतले, शेवटपर्यंत वाचले आणि घडी करून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "हे काम मला घेता येणार नाही. तक्रारीखाली सही माझीच आहे."

"मग तुमीच सांगा की साएब, मी कुनाकडं जाऊ?"

साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणजे आता मला आरोपीच्या बाजूनं उभं राहून माझ्या वरिष्ठांचीच उलटतपासणी घ्यायची होती. त्यानंतर आठ दिवस ते या खटल्याबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मी ते कागद घेऊन खोलीत शिरलो की ते उठून बाहेर जात. फिर्यादीच्या साक्षीदारानं आरोपीच्या वकिलाशी बोलू नये, एवढंच त्यांनी एकदा भिंतीकडं पाहत सांगितलं.

खटल्याच्या दिवशी ते गणवेशात आले आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. मागच्या बाकावर मेजर बसला होता. मी विचारलं, पाटी कुठल्या भाषेत होती? ते म्हणाले, इंग्रजीत. माळ बंद झाल्याची दवंडी गावोगाव पिटली होती का? पिटली नव्हती. सही करण्यापूर्वी तुम्ही याची चौकशी केली होती का? करायला हवी होती, ते म्हणाले, केली नाही; कागद न वाचताच सही केली. मेजर खाली मान घालून काहीतरी लिहू लागला. माझे प्रश्न संपले, मी बसलो, तरी साहेब पिंजऱ्यातून हलेनात.

"वकिलांचा एक प्रश्न राहिला आहे," ते मॅजिस्ट्रेटना म्हणाले. "हा माळ लष्कराला देण्याच्या ठरावाला कौन्सिलात हात कुणी वर केला? मी केला. नकाशा न पाहता केला."

मॅजिस्ट्रेटनी तो प्रश्न खटल्याच्या बाहेरचा ठरवला आणि म्हाताऱ्याला सोडून दिलं. कोंडवाडा उघडला तेव्हा पाण्यावाचून चार मेंढरं मेली होती. साहेब तिथं गणवेशातच आले. बिरू पाया पडायला वाकला तसे ते मागं सरले आणि म्हणाले की माफी मी मागायला हवी. म्हाताऱ्यानं उरलेली मेंढरं मोजून घेतली आणि म्हणाला, "तुमी खरं बोललासा. तेवढंबी लई हाय. मेली ती काय परत येत न्हाईत."

मेजरनं खुलासा मागवला. साहेबांनी खुलाशाऐवजी राजीनामा पाठवला. कौन्सिलात माळ मोकळा करण्याचा ठराव त्यांनी तीनदा आणला. तिसऱ्या खेपेला पावसाळ्यापुरती चराई मिळाली, तेवढ्यावरच त्यांना थांबावं लागलं. पुढच्या निवडणुकीत छावणीला माल पुरवणारी बडी मंडळी विरुद्ध गेली आणि साहेब पडले. राहिली ती वकिली.

मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. प्रत्येक कागद तीनदा वाचणाऱ्या या माणसानं तोच एक कागद न वाचता सही करावी, हे कसं? पुष्कळ वर्षांनी, कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसलो असताना, मी धीर करून विचारलं. साहेब थकले होते. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर न चढवता तसाच हातात धरला.

"एरवी तो मेजर आम्हा देशी लोकांना नावानंसुद्धा हाक मारत नसे," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्यांच्या देखत 'कॅप्टन' म्हणाला आणि कागद पुढं केला. मला फार बरं वाटलं हो."