दोन सीटची गाडी

आजही गॅरेजमध्ये चावी फिरवली आणि पेट्रोलचा वास नाकात शिरला, की मी धानोरा-गडचिरोली रस्त्यावर जाऊन पोचतो.

बाबांची ही जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार, उघडी, दोनच सीटची. त्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा दारात दुसरी गाडी नव्हती. आई अनवाणीच धावत आली. मी ओरडलो, "जागा नाई, आई!"

जंगलात, मोहफुलांचा सडा पडलेल्या वळणावर गाडी बंद पडली. पेट्रोलचा पंप अडकला होता. असं झालं की तो टिकटिकेपर्यंत पान्याने हलकेच ठोकायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. मी वेड्यासारखा ठोकत सुटलो.

"हळू मार, बाबू," घामाने थबथबलेले बाबा पुटपुटले, "फुटन तो."

टिकटिक सुरू झाली. त्यांनी ऐकली असावी. दवाखाना येईपर्यंत ते गेले होते.

पंप मी अजून बदललेला नाही. दर रविवारी गाडी बाहेर काढतो, डावी सीट पुसतो आणि आईला म्हणतो, "बस ना."

ती दारातूनच म्हणते, "जागा नाई ना, बाबू."