माझ्या जावेला मी देवी केलं

हे मी आमच्या यजमानांनाही कधी सांगितलं नाही, आणि त्यांना तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आत कळायचं. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणूनच असेल.

बुऱ्हाणपुरात घाटाच्या उतारावर आमचं घर होतं. राज्यं नव्याने पाडली आणि आमची सरकारी कामं नागपूरहून भोपाळला गेली, त्या सुमाराची गोष्ट. यजमान गावातच इतवारा पेठेत दुकानावर, दीर नेपानगरला कामाला. घरात मी, धाकटी जाऊ शेवंता आणि पोरं. तापीचा पूर आम्हाला काय नवा? पाणी पायरीला लागलं की खणानारळाने तिची ओटी भरायची, की ती उतरायची. त्या वर्षीही आम्ही ओटीच भरत बसलो. पळायचं सोडून!

मग कमरेइतक्या पाण्यातून वर चढताना माझ्या कडेवर माझा मुलगा होता, आणि हाताला शेवंताची कमळी. ती पोर कायम माझ्याच मागे असायची, हात धरायची तो माझाच. शेवंता मागून येत होती. माझा पाय घसरला. मी मुलाला दोन्ही हातांनी धरलं. दोन्ही हातांनी — समजलं ना तुम्हाला? कमळी सापडली नाही.

पण सांगायला बसले ते हे नाही. पाय कुणाचाही घसरतो.

शेवंता त्यानंतर बोलेनाशी झाली. हंड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला तरी थरथरायची, दातखीळ बसायची. भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारलंच — पोर नेमकी सुटली कशी? शेवंता कापायला लागली. तिचं बोट माझ्याकडे वळलं. "बाईनं..." एवढंच ती म्हणाली.

मी उठले. करंड्यातलं कुंकू तिच्या कपाळभर फासलं आणि ओरडले — तापीमाय आली गं, हिच्या अंगात आली!

किती सोपं होतं! सगळ्या बायका तिच्या पायांवर. देवीला कुणी विचारतं का, तुझं लेकरू कसं गेलं म्हणून? तिला विचारतात, मुलगा होईल का, केळीचा बाग वाचेल का, नवऱ्याची बदली टळेल का.

मग दर पौर्णिमेला बायका यायला लागल्या. पाण्याने ती थरथरते हे त्यांच्या लक्षात आलं होतं; म्हणून तापीचं पाणी तांब्यांनी आणायच्या आणि तिच्या पायांवर ओतायच्या — माय अंगात यावी म्हणून. यायची. का नाही येणार? मी नारळ फोडायची, प्रसाद वाटायची. जावेची सेवा करावी तर हिने, असं लोक म्हणायचे. आणि मला — आता लपवून काय करू — मला ते आवडायचं.

दीर साधा माणूस. नागपूरला मनाचे डॉक्टर असतात असं त्याला कामावर कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिला घेऊन निघालाच होता. "भाऊजी, मायला दवाखाना दाखवता?" मी म्हटलं. "पुन्हा कोप झाला तर?" एक लेक गमावलेला बाप तो, घाबरला. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

मी कशाला भीत होते? ती बरी झाली असती तर बोलली असती. बस्स, एवढंच. तेवढ्यासाठी मी तिला बरी होऊ दिली नाही.

एका पौर्णिमेला सकाळी ती अगदी शांत होती. माझ्याजवळ बसून वाती वळत होती. वळता वळता थांबली, माझा हात हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी कोनाले काई सांगनार नाई. बस, ते पानी नका टाकू देऊ."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं.

थोड्या वेळाने बायका तांबे घेऊन दारात आल्या. माय बसली का, एकीने विचारलं. शेवंता माझ्याकडे बघत होती. मी दारातून बाजूला झाले आणि त्यांना आत येऊ दिलं.