वाडीवरली

शेणव्यात, आमच्या गावात, माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईला माणसांची नावं लक्षात ठेवायची गरज पडत नसे. घाटावरचा म्हणजे भांडखोर, मुंबईहून आलेला म्हणजे आळशी आणि गावाबाहेरच्या वाडीवरली म्हणजे चोर. बोलताना हात असा झटकायची की पुढं कुणी बोलू नये. मनानं वाईट नव्हती. कुणी आजारी पडलं की पेज घेऊन जायची.

महायुद्धाच्या दिवसांत, ऐन भातकापणीत तिचा विळा हरवला. "वाडीवरलीनंच नेला," म्हणत तिनं मजुरीला आलेल्या बाईला हाकलून दिलं. त्या बाईची चूल तेवढ्याच कामावर पेटत होती. पुढं झोडणीला भाताचा भारा सोडला, तर विळा आतून पडला.

मी म्हटलं, "हा भारा तूच बांधलास ना गो?"

"तिनंच खुपसला असल, मागून न्यायला. तुला नाय कळायचं त्यांचं."

पुढल्या कापणीला ती मजूर बाई पुन्हा आली, कारण दुसरीकडं काम नव्हतं. येताना स्वतःचा विळा घेऊन आली. शेजारणीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघ गो, कुणाचा तरी उचललाय."