केनवडला दुःख मिळेना

वाशीम स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या मामेभावाजवळ, नीलेशजवळ, एक कॅमेरामन, तीन जड पेट्या आणि वरिष्ठांचा एक हुकूम होता : केनवड गावाहून रडवणारी फिल्म घेऊन या. नीलेश मुंबईला टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत काम करतो. स्पर्धकानं गाण्याआधी त्याच्या घरची छोटी फिल्म दाखवतात, ती तो बनवतो. "घरच्या बायका तुझ्यासमोर मोकळेपणी बोलतील," असं म्हणून त्यानं मला पुण्याहून सोबत आणलं होतं. मीही हा जिल्हा कधी पाहिला नव्हता, म्हणून आले.

जीप रिसोडच्या बाजूनं निघाली. तूर कमरेएवढी उभी होती. तिच्यामधलं सोयाबीन सोंगून (कापून) झालं होतं आणि मळणीयंत्रांची धूळ थेट आमच्या नाकात येत होती. नीलेश शिंका देत देत मला केनवडच्या स्पर्धक मुलीबद्दल, साक्षीबद्दल, सांगत होता. साक्षी सोळा वर्षांची, शेतकऱ्याची मुलगी आणि गाते काय, तर 'सोल'! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमधल्या भजनांतून निघालेलं, पोटातून ओढून काढल्यासारखं गाणं. मोबाइलवर ऐकून ऐकून ती ते शिकली होती.

"आमाले पहिले समजलंच नाई," तिचे वडील गजाननराव आमचं स्वागत करताना म्हणाले. "गच्चीवर पोट्टी (मुलगी) असा आवाज काढून राह्यली होती, मले वाटलं पोटात दुखून राह्यलं. मी ओवा घेऊन गेलो."

घर पाहून नीलेशचा चेहरा पडला. दुमजली, ताजा गुलाबी रंग दिलेलं, दारात धुतलेला ट्रॅक्टर, ओसरीवर झोपाळा. त्यानं तरी प्रयत्न सोडला नाही. साक्षीच्या आईला, सुनंदाबाईंना, समोर बसवून त्यानं हळव्या आवाजात विचारलं, "ताई, मुलीच्या गाण्यासाठी कधी दागिने विकावे लागले का?"

"कायले विकू? दिवाळीले नव्या पाटल्या केल्या. दाखवू?" आणि त्या खरोखरच आणायला आत गेल्या.

नीलेश गजाननरावांकडे वळला. "तुमचा विरोध होता का गाण्याला?"

"माहा? मी तं तिले मोठा स्पीकर आणून देल्ला. इरोध शेजाऱ्याईचा हाय."

जेवायला रोडगे होते. गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. ते फोडायचे, त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. मी दोन खाल्ले. तिसरा सुनंदाबाईंनी न विचारता वाढला. त्यानंतर मला जिना चढवेना, पण साक्षीनं हात धरून गच्चीवर नेलं. तिला माझ्याशी एकटीशी बोलायचं होतं.

"मावशी, त्या परीक्षकानं मले सगळ्याईसमोर सांगितलं. म्हणे आवाज दमदार हाय, पण त्याच्यात दुखच नाई. दुखाशिवाय सोल म्हणजे नुसता आरडाओरडा. या हप्त्यात जमलं नाई तं मी बाहेर." तिचे डोळे मोठे झाले होते. "सगळे म्हणतात लावणी गाय, वाचशील. पण मले हेच गायचं हाय. आता मी दुख कुठून आणू? आई चांगली, बाबा चांगले. मले तं कोणी मारलंबी नाई कधी."

मी पुण्याची शहाणी बाई, सल्ल्यांना तोटा नाही; पण तुला लवकरच भरपूर दुःख मिळो, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

संध्याकाळी आम्ही चौकातल्या हॉटेलात चहा प्यायला गेलो, तोवर ही बातमी गावभर झाली होती. मुंबईची माणसं दुःख शोधत आहेत! एक म्हातारे गृहस्थ नीलेशशेजारी येऊन बसले. "साहेब, माही सून माह्यासंग बोलत नाई. हे घ्या लिहून."

पलीकडच्या बाकावरचे दुसरे म्हणाले, "माही बोलते. माहं दुख मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलेशनं शेवटचा उपाय काढला. साक्षीला जुना ड्रेस घालून कोठ्यात (गोठ्यात) बसवलं आणि सांगितलं, "काहीतरी वाईट आठव आणि गा." साक्षीनं डोळे मिटले. सूर लागला, पण कोरडाच. तिनं तो वर चढवला, तशी कोपऱ्यातली म्हैस तिच्याहून वर ओरडली. साक्षीला हसू फुटलं. तेवढ्यात दुसऱ्या म्हशीनं मान लांबवून माइकवरची केसाळ टोपी ओढली आणि ती शांतपणे चघळायला लागली. कॅमेरामन टोपी खेचतोय, म्हैस सोडत नाही, अशा गोंधळात दारात सुनंदाबाई उभ्या राहिल्या. हातात उलथनं.

"पोरीले कोठ्यात काहून बसवलं? लोकं म्हणतीन, मायनं घराबाहेर काढली! दोन मजले कायले बांधले आमी? ऊठ वं साक्षी! अन् तुमी, त्या म्हशीच्या तोंडातलं पहिले काढा. तिचं पोट दुखीन!"

दुपारी निघायची वेळ झाली. साक्षी आमच्याबरोबरच मुंबईला जाणार होती. निरोपाला तरी आई रडेल, या आशेनं नीलेशनं कॅमेरा अंगणात लावला. सुनंदाबाईंनी लेकीला कुंकू लावलं, डब्यात रोडगे असल्याचं तीनदा सांगितलं, तिच्या ओढणीची घडी नीट केली. मग एकदम म्हणाल्या, "चला, मले काम हाय. चुलीवर दूध हाय, उतू जाईन," आणि पाठ फिरवून आत गेल्या. त्या परत बाहेर आल्या नाहीत. नीलेशनं सुस्कारा टाकून कॅमेरा पेटीत बंद केला.

गाव मागे पडलं. रोडग्यांचा डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत साक्षी म्हणाली, "मावशी, चुलीवर दूध नव्हतं."

 थोड्या वेळानं ती गायला लागली, अगदी हळू, कोणासाठीच नाही. इंग्रजी शब्द होते. आवाज मध्येच फाटला, तो तिनं तसाच फाटका पुढे नेला. ड्रायव्हरनं गाडीचा वेग कमी केला. कॅमेरामननं पेटीकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, काढू का? नीलेशनं नाही म्हणून मान हलवली. त्याचेच डोळे भरले होते.

पुण्याला परतल्यावर तो भाग मी घरी पाहिला. फिल्ममध्ये कोठा होता, टोपी चघळणारी म्हैस होती आणि उलथनं घेतलेल्या सुनंदाबाई होत्या. सगळा देश हसला असावा. मग दिवे मंद झाले आणि साक्षी तेच जीपमधलं गाणं गायली. परीक्षकानं या वेळी दुःखाचं नाव काढलं नाही. त्या आठवड्यात ती वाचली. पुढच्या फेऱ्यांत आणखी दोनदा वाचली आणि मग बाहेर पडली.

मी सुनंदाबाईंना फोन केला. "हारली नं ताई," त्या म्हणाल्या, पण लेक उद्या घरी येणार याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मध्येच त्यांचा आवाज खाली आला. "टीव्हीवर म्हशीच्या फिल्मनंतर जे गाणं गायली नं ती, इंग्रजीतलं, त्याचा अर्थ काय हो?"

मी आठवून एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी मला थांबवलं.

"राहू द्या, ताई. मले तवाच समजलं होतं."

वाशीमला जाऊन काय पाहिलंस, असं मला लोक विचारतात. मी रोडग्यांचं सांगते, म्हशीचं सांगते, लोक पोट धरून हसतात. या फोनचं मात्र अजून कोणाला सांगितलं नव्हतं.