सतरातून बारा वजा

ये गं लेकी, जवळ बस. पोलिसात लागलीस अन् महिनाभर आत्याला एक फोन नाही? रागावलेय मी. पण एक केस ऐकून जा, तुझ्या नोकरीत कामाला येईल. मला ती अजून जशीच्या तशी आठवते.

दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूकडं वाढत होतं, पण नव्या वसाहतींना नळ नव्हते, टँकरवरच सगळी भिस्त. मी अजिंठ्याकडच्या दूरक्षेत्रातून, म्हणजे गावाकडच्या छोट्या पोलीस चौकीतून, नुकतीच शहराच्या ठाण्यात आलेली हवालदार.

एका संध्याकाळी फोनवर खबर आली. पाचच्या सुमाराला वसाहतीचा एक निळा टँकर भलत्याच बांधकामावर रिकामा झाला होता. नंबर कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी संशयावरून निळा टँकर चालवणारा सिल्लोडकडचा एक ड्रायव्हर ठाण्यात आणला.

"मॅडम, काल पाच वाजता मी पाणी भरायच्या पॉइंटवर लाइनीत होतो," तो म्हणाला. "पाच-दहाला माझी गाडी नळाखाली लागली."

बांधकाम पॉइंटपासून अर्ध्या तासावर. मी पॉइंटवर जाऊन रजिस्टर पाहिलं अन् परत येऊन त्याच्यावर ओरडले, "खोटं बोलतोस. तुझी नोंद सात-दहाची आहे."

"सातची कशी असंल? रजिस्टर काय बी म्हणो, मी तर पाचलाच होतो."

पुढच्या सकाळी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. चोरीचा ठपका लागला की टँकर हातातून जाणार, घर कसं चालणार? त्याची बायको ठाण्याच्या ओट्यावर डबा घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, उन्हातून आलात, पाणी घ्या." त्या दिवसांत पाणी पुढं करणारं माणूस! मला काही केल्या चैन पडेना.

सकाळी कोर्टाआधी रजिस्टर ताब्यात घ्यायला मी पुन्हा पॉइंटवर गेले. रजिस्टर फौजेतून निवृत्त झालेले एक काका सांभाळायचे. त्यांना म्हटलं, सिल्लोडवाल्याची सात-दहाची नोंद दाखवा.

"सातला? पॉइंट तर सहाला बंद होतो, ताई."

"मग हे काय?" मी १७.१० वर बोट ठेवलं.

काका हसले. "फौजेतली सवय आहे माझी. सतरातून बारा वजा करा, पाच. तुम्ही पुढचा एक झाकून वाचलात."

मी रजिस्टर जवळ ओढलं. आमच्या दूरक्षेत्रात डायरीत 'सायंकाळी सात' असंच लिहायचे, मी तशीच शिकलेले. मग पान नीट वाचलं. १६.२० ला दुसरा एक निळा टँकर भरून गेला होता, अन् चौकशी केली तर त्याच्या वसाहतीत पाणी पोचलंच नव्हतं. त्या दुसऱ्या टँकरच्या ड्रायव्हरपुढं पान ठेवलं. नोंद बघून म्हणाला, "व्हय, मीच दिलं बांधकामाला."

साहेबांना मी स्वतःहून चूक सांगितली. बोलणी खाल्ली. सिल्लोडवाला सुटला तेव्हा मी त्याला म्हणाले, "भाऊ, चूक माझी होती."

"माहीत झालं मॅडम. आता घरी चहाला या, म्हणजे फिटलं."

"अन् बारा वजा करून या," बायको म्हणाली.

तेव्हापासून दुसऱ्याची नोंद मी आधी लिहिणाऱ्याकडूनच वाचून घेते. विचारायला लाज वाटते, पण त्या दिवशी न विचारल्यानं एक माणूस रात्रभर कोठडीत बसला होता.

ते नवरा-बायको येत्या रविवारी माझ्याकडं येणार आहेत. तूही ये, लवकर ये. सतरा वाजता चहा ठेवते.